पहिल्या तीन गोळ्या एका जागी, पुढच्या भरकटलेल्या: व्हार्मिंट रायफलचा स्टॉक आणि ट्रिगर

रायफल थंड असताना शंभर यार्डांवर तीन गोळ्या जेमतेम एका इंचात बसतात. चौथी उजवीकडे सरकते, सहावी उजवीकडे आणि वर, आणि दहाव्या गोळीपर्यंत कागदावरचा पसारा अडीच इंचांवर जातो. अर्धा तास नळी निवू दिली की पुन्हा पहिल्या तीन गोळ्या एकत्र. वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलं तर गोळी एका जागी लागते, बायपॉडवरून, म्हणजे दोन पायांच्या टेकूवरून, मारलं तर तिथून इंचभर दूर. माझ्या .२२३ रेमिंग्टन कॅलिबरच्या, जड नळीच्या रायफलीची ही तक्रार मी दोन हंगाम सोसली. मग दुरुस्त केली. आठ महिन्यांनी तीच तक्रार परत आली, तेव्हा कळलं की दुरुस्ती अर्धीच झाली होती. ज्यांची रायफल अशीच वागते आणि दुकानदार ज्यांना ‘नवी नळी घाला’ किंवा ‘महाग स्कोप (नेम धरायची दुर्बीण) घ्या’ असं सांगतो आहे, त्यांनी पैसे काढण्याआधी हे वाचावं.

मी कोलोरॅडोत राहतो आणि मे-जूनमध्ये पूर्व वायोमिंगमधल्या एका रँचवर प्रेअरी डॉगच्या शिकारीला जातो. नावात डॉग असला तरी हा खारीच्या कुळातला, जमिनीत बिळं करून वसाहतीने राहणारा प्राणी आहे. गुरांचं गवत तो खातो आणि त्याच्या बिळात पाय अडकून घोडे लंगडे होतात, म्हणून रँचवाले शिकाऱ्यांना बोलावतात. पिकांना, कुरणांना किंवा पाळीव जनावरांना उपद्रव देणाऱ्या अशा प्राण्यांना इथे व्हार्मिंट म्हणतात. वुडचक हा बिळात राहणारा प्राणी आणि लांडग्याच्या कुळातला छोटा कोयोटीही त्यातच येतात. पण सगळेच प्रेअरी डॉग मारायला मोकळे नाहीत. युटा प्रेअरी डॉग ही जात संघीय कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा आपण कुठे उभे आहोत आणि समोर कोणती जात आहे हे आधी माहीत हवं.

मागच्या पायांवर उभा राहिलेला प्रेअरी डॉग साधारण फूटभर उंच दिसतो, पण अंगाने तीन-चार इंचच रुंद असतो. कोनाचं एक मिनिट, म्हणजे इथले सगळे नेमबाज ज्याला एमओए म्हणतात ते, शंभर यार्डांवर १.०४७ इंच भरतं आणि तीनशे यार्डांवर तीन इंचांहून किंचित जास्त. शंभरावर अडीच इंच पसरणारी रायफल तीनशेवर साडेसात इंच पसरते. अशा रायफलीने मारलेली गोळी चुकली तर ठीक, पण अर्धवट लागली तर तो जीव बिळात शिरतो आणि आत तडफडून मरतो. पहिल्या हंगामात माझ्या हातून असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मी रायफल गाडीत ठेवली आणि कारण सापडेपर्यंत शिकारीला बाहेर काढली नाही.

अमेरिकेत नव्याने आलेल्या आपल्या लोकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असताना बंदूक बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण येत नाही. मित्राची रायफल नुसती हातात घेऊन रेंजवर जाण्याआधीही हे तपासा. आणि भारतातल्या वाचकांनो, शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार हे परवानाधारक कारागिराचं काम आहे. खाली लिहिलेलं तुम्ही त्याच्याशी नीट बोलता यावं म्हणून वाचा, घरी करून पाहू नका.

आता निदान. हे करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी पहिल्या हंगामात स्कोप, काडतुसं आणि बायपॉड तिन्ही एकदम बदलले, ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा पुंजका, थोडा सुधारला, आणि कशामुळे सुधारला हे मला आजही सांगता येणार नाही. दुसरं, तीन गोळ्यांच्या ग्रुपवर निर्णय घेऊ नका. तीन गोळ्या नशिबानेही एकत्र बसतात. दहा गोळ्यांचा ग्रुप मारा, प्रत्येक गोळी कितवी ते वहीत लिहून ठेवा आणि मग कागद वाचा. क्रमाने एकाच दिशेला सरकत जाणाऱ्या गोळ्या म्हणजे नळी तापताना तिला कशाचातरी स्पर्श होतो आहे किंवा नळीमागच्या, बोल्ट बसतो त्या पोलादी भागावर, म्हणजे अ‍ॅक्शनवर ताण आहे. क्रमाशी काही संबंध नसलेली, मध्येच बाजूला जाणारी गोळी बहुतेक वेळा बोटाची आणि ट्रिगरची असते. दोन वेगळ्या जागी दोन घट्ट ग्रुप पडत असतील तर काहीतरी ढिलं आहे आणि ते दोन जागांमध्ये हलतं आहे, बहुधा स्कोपची माउंट. माझ्या कागदावर पहिली दोन्ही लक्षणं एकत्र होती, म्हणून गोंधळ झाला.

स्टॉकला, म्हणजे नळी आणि तो पोलादी भाग ज्यात बसतो त्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या दस्त्याला, हात लावण्याआधी साधे संशयित बाजूला काढा. माउंटचे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या जोराला, घट्ट आहेत का? नळीत तांब्याचा थर साचला आहे का? एकाच लॉटची काडतुसं वापरताय ना? स्कोपचा पॅरॅलॅक्स शंभर यार्डांना जुळलेला आहे का? डोकं किंचित हलवल्यावर फुली लक्ष्यावरून सरकत असेल तर तो जुळलेला नाही. आणि वारा. वायोमिंगमधल्या चेयेनच्या आसपास वारा नसलेला दिवस शोधावा लागतो. मी पहाटे साडेपाचला रेंजवर जायचो, कारण आठनंतरचे कागद वाऱ्याचेच निघायचे. तापलेल्या नळीवरून उठणारी गरम हवाही स्कोपमधलं चित्र हलवते. तिच्यासाठी नळीवर ताणून बसवायची कापडी पट्टी मिळते.

एवढं करूनही गोळ्या सरकतच असतील तर स्टॉक पाहा.

कारखान्यातून स्वस्त रायफलींवर येणारा साच्यातला प्लॅस्टिकचा स्टॉक हलका असतो, पावसाने फुगत नाही, पण त्याचा पुढचा भाग लवचीक असतो. तपासणी अगदी सोपी आहे. रायफल रिकामी करा, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, काढून बाजूला ठेवा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, बोट घालून रिकामं असल्याची खात्री करा. एक डॉलरची नोट नळी आणि स्टॉक यांच्या फटीत पुढून सरकवत अ‍ॅक्शनपर्यंत न्या. माझी नोट सहज गेली, आणि म्हणून मी वर्षभर समजत होतो की नळी मोकळी आहे. चूक अशी की रायफल तेव्हा मांडीवर होती. तीच नोट रायफल बायपॉडवर उभी करून, खांद्याने नेहमीसारखा रेटा देऊन सरकवली, तेव्हा टोकापासून दोन इंचांवर अडकली. खांद्याच्या दाबाने प्लॅस्टिक वाकून नळीला डावीकडून टेकत होतं. थंड नळीवर तो दाब एका प्रमाणात, तापून वाढलेल्या नळीवर दुसऱ्या प्रमाणात. पिशवीवर वेगळा, बायपॉडवर वेगळा. गोळीमागे नळी कंप पावते, आणि तो कंप दर वेळी सारखाच असला तर गोळी एका जागी जाते. बाजूने दाबणारं प्लॅस्टिक तो सारखेपणाच मोडतं.

प्लॅस्टिकची खाच खरवडून फट वाढवता येते, पण वाकणं त्याने थांबत नाही. माझ्या मते तिथे वेळ घालवू नये. स्टॉक बदलावा. पर्याय तीन प्रकारचे आहेत. लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला लॅमिनेटेड स्टॉक जड असतो, आणि व्हार्मिंट रायफलीला वजन फायद्याचंच, कारण ती खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा नसतो. फायबरग्लासचा, आत अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा असलेला स्टॉक महाग, पण हवामानाला दाद न देणारा. तिसरी, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची चॅसी. ती जुळवायला सर्वांत सोपी, आणि जानेवारीत कोयोटीसाठी बसल्यावर गालाला बर्फासारखी लागते. पहिल्या दोन प्रकारांचे नावाजलेले कारखाने, मिचेलचा बॉइड्स आणि रॅपिड सिटीचा एच-एस प्रिसिजन, दोन्ही साउथ डकोटात, प्रेअरी डॉगच्या मुलखातच आहेत.

मी लॅमिनेटेड घेतला. बसवला, दोन स्क्रू आवळले, रेंजवर गेलो. दहा गोळ्या सव्वा इंचात. त्या उन्हाळ्यात एकही जीव जखमी होऊन बिळात गेला नाही.

पुढच्या वसंतात पहिल्याच दिवशी पसारा दोन इंचांवर. नोट तर आता बायपॉडवरही आरपार जात होती. म्हणजे नळी मोकळी, तरी गोळ्या सरकतात. इथे मी अडकलो, आणि बरेच लोक इथेच अडकून ‘नळी संपली’ असं ठरवतात.

कारण होतं कोरडी हवा. कोलोरॅडोच्या हिवाळ्यात, त्यातही हीटर चालू असलेल्या घरात, लाकडातली ओल उडते आणि ते आकसतं. नव्या स्टॉकला बाहेरून वार्निश होतं, पण आतली खाच कोरीच होती. अ‍ॅक्शन आणि खालचा धातूचा भाग यांच्यामध्ये लाकूड दाबलेलं असतं. ते आकसल्यावर स्क्रूंचा ताण गेला. पाना लावला तर पुढचा स्क्रू जवळजवळ हाताने फिरेल इतका ढिला. घट्ट केला की दोन आठवडे ठीक, मग पुन्हा तेच, कारण घट्ट करताना लाकूड चेपत राहतं. यावर उपाय पिलरचा. स्क्रूभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळकांड्या बसवल्या की धातू धातूवर आवळला जातो आणि लाकडाच्या फुगण्या-आकसण्याचा स्क्रूशी संबंध उरत नाही. आतली खाच पॉलियुरेथेनचे तीन हात देऊन बंद करायची.

त्याच वेळी बेडिंगही करून घेतलं. बेडिंग म्हणजे अ‍ॅक्शन जिथे टेकते तिथे इपॉक्सी भरून तिचा हुबेहूब साचा तयार करणं. त्यात सर्वांत महत्त्वाचा रिकॉइल लग, अ‍ॅक्शनच्या पुढच्या बाजूला खाली आलेला तो पोलादी दात. गोळी सुटताना रायफलीचा मागचा धक्का तोच स्टॉकला देतो. त्याची मागची बाजू इपॉक्सीला पूर्ण टेकली पाहिजे, आणि पुढून, बाजूंनी, खालून किंचित मोकळी. त्यासाठी या तीन बाजूंना टेपचा एक-एक थर लावून मगच साचा घ्यायचा. इपॉक्सी चिकटू नये म्हणून धातूवर रिलीज एजंट किंवा बिनरंगी बूटपॉलिशचे दोन-तीन हात द्या, आणि अ‍ॅक्शनमधलं प्रत्येक भोक, पिनेची प्रत्येक खाच मुलांच्या खेळण्यातल्या मातीने बुजवा. मी एका पिनेचं भोक विसरलो. इपॉक्सी त्यात शिरून घट्ट झाली आणि चोवीस तासांनी अ‍ॅक्शन निघेना. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्यावर धातू आकसला, मग रबरी हातोडीच्या हलक्या ठोक्याने सुटली. लाकडाचा एक कपचा उडाला, तो अजून दिसतो.

बेडिंग नीट झालं का ते असं पाहा. दोन्ही स्क्रू घट्ट असताना एक बोट नळी आणि स्टॉकच्या टोकाच्या फटीवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. बोटाखाली काही हललं तर अ‍ॅक्शन वाकवून बसवली आहे. काहीच जाणवायला नको. मग मागच्या स्क्रूने तेच करा. स्क्रू किती आवळायचे याचं सरसकट उत्तर नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्याला किंवा चॅसीला बरेच उत्पादक ६५ इंच-पौंड सांगतात, बिनपिलरच्या प्लॅस्टिकला किंवा लाकडाला त्याहून बरंच कमी. तुमच्या स्टॉकच्या कागदावरचा आकडा घ्या, टॉर्क दाखवणारा पाना वापरा, आणि दर वेळी तोच आकडा, त्याच क्रमाने.

अजून दोन जागा, ज्या कुणी सांगत नाही. मॅगझिनची पत्र्याची पेटी. नव्या स्टॉकची खोली जुन्याहून थोडी कमी असेल तर स्क्रू आवळताना अ‍ॅक्शन स्टॉकवर बसण्याआधी या पेटीवर बसते. स्क्रू घट्ट लागतो, टॉर्कचा आकडाही बरोबर येतो, आणि अ‍ॅक्शन मात्र एका पत्र्यावर तोललेली असते. सगळं आवळल्यावर पेटी बोटाने किंचित हलली पाहिजे. हलत नसेल तर तिची कड कानशीने थोडी उतरवा. दुसरी जागा, बायपॉड ज्याला लागतो त्या खिळीचा आतला नट. तो नळीच्या खाचेत वर आलेला असतो आणि बायपॉडवर वजन पडलं की नळीला टोचतो. नोट त्याच्या बाजूने निघून जाते, म्हणून कळत नाही. खाचेत विजेरी मारून बघा. नळीवर चकाकणारा ठिपका दिसला तर तोच.

पिलर आणि बेडिंगनंतर गोळ्यांचं क्रमाने सरकणं पूर्ण थांबलं. दहातल्या आठ पाऊण इंचात, पण दोन मात्र डावीकडे खाली, कधी तिसरी आणि सातवी, कधी पहिली आणि नववी. क्रमाशी संबंध नाही. आता ट्रिगर.

मोजणीच्या काट्याने माझा मूळचा ट्रिगर साडेसहा पौंडांचा भरला. स्कोप आणि बायपॉडसकट रायफल अकरा पौंडांची. म्हणजे रायफलीच्या निम्म्याहून जास्त वजनाचा जोर एका बोटाने लावायचा आणि रायफल हलू द्यायची नाही. शिवाय ट्रिगर सुटण्याआधी खरखरत दोन टप्प्यांत सरकायचा. ही परीक्षा घरी होते. रायफल रिकामी, काडतुसं दुसऱ्या खोलीत, नेम भिंतीवरच्या ठिपक्यावर. सेंटरफायर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर घाव घालणारी, रायफल अशी कोरी चालवायला हरकत नाही. बुडाच्या कडेवर घाव घालणारी रिमफायर .२२ मात्र नको, तिची फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) चेंबरच्या कडेवर आपटू शकते. ट्रिगर सुटण्याच्या क्षणी स्कोपची फुली कुठे जाते ते बघा. माझी दर तीन-चार वेळांतून एकदा डावीकडे खाली उडी मारायची, कागदावरच्या त्या दोन गोळ्यांसारखी.

काहींना जुन्या ट्रिगरची स्प्रिंग कापून किंवा आतल्या कडा घासून तो हलका करायचा मोह होतो. हे करू नका. त्या कडा हजारांश इंचांच्या हिशेबात एकमेकींना धरून असतात आणि त्या घसरल्या तर बोट न लावता गोळी सुटते. कारखान्यातही हे घडू शकतं. २०१४ मध्ये रेमिंग्टनला मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हनवरचे एक्स-मार्क प्रो ट्रिगर परत मागवावे लागले, कारण जोडणीत वापरलेला चिकट पदार्थ जास्त झाला तर रायफल आपोआप सुटण्याची शक्यता होती. जुनी ७०० विकत घेणाऱ्याने तिच्या क्रमांकावरून ती दुरुस्ती झाली आहे का हे जरूर विचारावं.

मी तयार ट्रिगर घेतला, अडीच पौंडांवर जुळवलेला. टिमनी, ट्रिगरटेक, ज्युएल यांपैकी कोणताही चालतो. फरक दर्जापेक्षा हाताला कसा लागतो याचा जास्त आहे. दीड पौंडाचा बाकावर बसून मारायला छान, पण वायोमिंगच्या थंडीत हातमोजा घातलेल्या बोटाला तो कळतच नाही. कोयोटीसाठी ज्यांना हीच रायफल वापरायची आहे त्यांनी तीन पौंडांच्या खाली जाऊ नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. उत्पादकाने सांगितलेल्या किमान वजनाच्या खाली तर कधीच नाही. पिना ठोकून काढायला हात वळत नसेल तर गनस्मिथकडे द्या. तासाभराचं काम आहे.

बसवल्यावरच्या चाचण्या टाळू नका. रायफल रिकामी हवी, हे पुन्हा लिहितो. बोल्ट जोराने वीस वेळा आपटून बंद करा, एकदाही फायरिंग पिन सुटता कामा नये. सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबा, सोडा, मग बोट न लावता सेफ्टी काढा. काहीही सुटता कामा नये. कॉक केलेल्या, म्हणजे फायरिंग पिन ताणून सुटायला तयार असलेल्या, रायफलीचा मागचा भाग रबरी चटईवर फूटभरावरून काही वेळा आपटा. यातली एक जरी चाचणी फसली तरी ती रायफल रेंजवर न्यायची नाही. माझ्या बाबतीत चाचण्या पार पडल्या, पण सेफ्टीचा खटका जड लागत होता. नव्या ट्रिगरची बाजू स्टॉकच्या लाकडाला घासत होती. मार्करची शाई लावून, बसवून, काढून पाहिलं तर लाकडावर ठसा उमटलेला. तिथलं लाकूड थोडं कोरलं आणि सेफ्टी मोकळी झाली. हे तसंच सोडलं असतं तर बेडिंगवरही बाजूने ताण आला असता.

थंडीत ट्रिगरमध्ये तेल नको. ते घट्ट होतं आणि गवताची धूळ धरतं. वर्षातून एकदा लायटरमध्ये भरतात त्या नॅफ्थाने धुवून तसाच वाळू देतो.

गेल्या जूनमध्ये दहा गोळ्या आठ दशांश इंचात बसल्या, थंड नळीच्या आणि गरम नळीच्या सारख्याच, पिशवीवरून आणि बायपॉडवरूनही. काडतुसं तीच, ५५ ग्रेन वजनाच्या गोळीची. स्कोप तोच. नळीसुद्धा तीच, जी दुकानदाराने बदलायला सांगितली होती. आता दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावरून स्टॉकच्या धातूपर्यंत लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवली आहे. वायोमिंगला निघण्याच्या आदल्या रात्री ती रेघ तुटलेली नाही ना हे बघतो, आणि पाना तरीही पिशवीत टाकतो.